उजव्या हाताचं पिस्तूल

कोल्हापुरात नेमबाजी शिकवतो म्हटलं की आता कुणी "म्हणजे नक्की काय करता?" असं विचारत नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं इथे घरोघरी माहीत होतीच. त्यात ऑगस्ट 2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ब्राँझ आणलं, आणि आमच्या छोट्याशा दहा मीटरच्या रेंजवर पालकांची रांग लागली. स्वप्नील रायफलवाला, पण त्याच आठवड्यात मनू भाकरची पिस्तुलातली दोन पदकंही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. त्यामुळे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना पिस्तूल हवं होतं, आणि तेही लगेच, स्वतःचं.

त्या गर्दीतलीच ही एक पोरगी. कागलकडची, वय चौदा, बोलणं मोजकं. दोन महिने क्लबच्या पिस्तुलावर शिकत होती. एका रविवारी सकाळी तिचे वडील काळी पेटी घेऊन आले. पतसंस्थेतून कर्ज मंजूर झालं होतं. ओळखीतल्या ओळखीतून एक जुनं परदेशी एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबानं छर्रा उडवणारं, सापडलं होतं आणि विकणाऱ्याला दहा हजार इसार देऊन ते दोन दिवसांसाठी बघायला आणलं होतं.

"सर, तुम्ही एकदा हात लावा, मग बाकीचे देऊन टाकतो," ते म्हणाले.

पेटी उघडली. वस्तू देखणी होती यात वाद नाही. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, नळीखाली चंदेरी सिलिंडर. पालकांना यात सगळ्यात आधी नाव आणि नळी दिसते. मला नळीची काळजी कधीच नसते. स्पर्धेसाठी बनवलेलं कुठलंही बरं पिस्तूल शिकंज्यात धरून झाडलं, तर दहा मीटरवर एकाच भोकातून छर्रे घालतं. लक्ष्याच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, त्यापेक्षा खूपच लहान भोक पडतं. चुकतो तो हात.

मी सिलिंडर काढून आधी त्यावरचा शिक्का पाहिला. हवेचा दाब 200 बार, आणि उत्पादन 2013. वडिलांना दाखवलं. या सिलिंडरांना बनवणारी कंपनी दहा वर्षांची मुदत देते. ती उलटली की स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर पिस्तूल अडू शकतं, आणि ते बरोबरच आहे. दोनशे बार म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. ते आपण तोंडापासून हातभर अंतरावर धरतो.

"म्हणजे नवं घ्यावं लागणार?"

"सिलिंडर नवं. पिस्तूल नाही. पण किंमत करताना तेवढे वजा करा."

मग चाप. नियमानं चाप सुटायला किमान 500 ग्रॅम वजन लागायला हवं. नळी वर करून चापाला वजन अडकवायचं आणि पिस्तूल उचलायचं. वजन उचललं जायला हवं, चाप सुटता कामा नये. हे पिस्तूल टेबलावरून उठायच्या आतच 'टक' झालं. मालकानं चाप फारच हलका करून ठेवला होता. पण हे स्क्रूचं काम, पाच मिनिटांचं. त्यावरून कुणी वस्तू नाकारू नये.

खरी अडचण पुढे आली, आणि तिचा त्या पिस्तुलाशी काडीचा संबंध नव्हता.

मूठ तिच्या हाताला मोठी होत होती. एअर पिस्तुलाची मूठ म्हणजे साच्यात ओतलेला हात असतो. अंगठ्याला वेगळी जागा, बोटांना खाचा, तळहाताखाली वरखाली होणारी फळी. मूठ मोठी असली की बोट चापावर सरळ बसत नाही आणि चाप मागे ओढताना पिस्तूल बाजूला ढकललं जातं. मी टेबलावर आलेखाचा कागद ठेवला आणि तिला म्हटलं, "हात ठेव, बोटं मिटून. माप घेऊ, म्हणजे कुठल्या आकाराची मूठ लागेल ते कळेल." रेघ काढून झाल्यावर कागद सरकवताना माझ्या कोपरानं छर्ऱ्यांची उघडी डबी टेबलावरून घसरली.

पोरीनं ती हवेतच झेलली. डाव्या हातानं. एकही छर्रा सांडला नाही.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं चटकन डबी उजव्या हातात घेतली, चोरी पकडल्यासारखी.

"तू डावखुरी आहेस?"

"नाही सर." मग वडिलांकडे बघून, "लहानपणी होते."

वडील हसले. "आमच्या आईनं मोडली ती सवय. डाव्या हातानं जेवायला बसली की वाटी मागं ओढायची. आता लिहिते, जेवते सगळं उजव्यानं."

मला मात्र हसू आलं नाही. दोन महिने मी या मुलीला रोज सांगत होतो, "मान सरळ ठेव, डोकं वाकवू नकोस." ती सरळ करायची आणि दोन गोळ्यांनी पुन्हा मान उजवीकडे तिरकी. मी वहीत लिहूनही ठेवलं होतं, 'लक्ष नाही'. मी तिला दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटं भोक करायला लावलं आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. डावा डोळा मिटला, घड्याळ गायब. उजवा मिटला, घड्याळ जागेवर. पोरगी नेम डाव्या डोळ्यानं धरत होती, आणि उजव्या हातातलं पिस्तूल त्या डोळ्यासमोर आणायला मान वाकवत होती. ही चाचणी पहिल्या दिवशी घ्यायची असते. मी इतरांना ती घ्यायला सांगतो. त्या ऑगस्टच्या गर्दीत मी फक्त पिस्तूल उचलून तिच्या उजव्या हातात दिलं होतं.

डाव्या हाताची मूठ आमच्याकडे नव्हती. कपाटात तळाशी एक जुनं, दांडा ओढून हवा भरायचं पिस्तूल पडलेलं, प्लॅस्टिकच्या मुठीचं, दोन्ही हातांना सारखंच गैरसोयीचं. पोरं त्याला 'हापसा' म्हणतात. तेच काढलं. तिला डाव्या हातात दिलं, लेनवर उभं केलं आणि सांगितलं, "डोळे मीट. हात वर घे, श्वास सोड, आता उघड. काही हलवू नकोस. काय दिसतं?"

"पुढची साइट मागच्या खाचेत आहे."

"मधोमध?"

"हो." जरा थांबून, "आपोआप आली."

हे 'आपोआप'च सगळं आहे. नेम धरायला पिस्तुलावर दोन साइट असतात, पुढे खुंट आणि मागे खाच, आणि त्यांच्यात साधारण 32 सेंटिमीटर अंतर. तिथे पुढची साइट एक मिलिमीटर बाजूला गेली, तर दहा मीटरवर छर्रा तीन सेंटिमीटर सरकतो, म्हणजे थेट सात गुणांच्या वर्तुळात. उलट सगळा हातच एक मिलिमीटर सरकला, पण साइट एका रेषेत राहिल्या, तर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. हात सगळ्यांचाच हलतो. मनगट मात्र ज्या मुठीत आपोआप सरळ बसतं, तीच मूठ घ्यायची. साठ गोळ्या, सव्वा तास. प्रत्येक वेळी मनगट वळवून साइट जुळवायला लागली, तर चाळिसाव्या गोळीला हात सांगतो, पुरे.

तिनं दहा गोळ्या मारल्या. वडील माझ्या मागे उभं राहून मोजत होते. उजव्या हातानं ती दहा गोळ्यांत शंभरपैकी 80-82 करायची. डाव्यानं 71 झाले.

"सर, मार्क कमी पडले की!"

पडलेच. त्यांना काय सांगावं? छर्रे सगळीकडे विखुरले होते, चहूकडे सारखे. उजव्या हाताचे नेहमी डावीकडे खाली झुकायचे आणि मी चापाला दोष द्यायचो. आणि या दहा गोळ्यांत मान एकदाही वाकली नव्हती. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. पटल्यासारखं वाटलं नाही. कर्ज काढलेल्या माणसाला 82 सोडून 71 घ्या म्हणणं सोपं नाही. खरं सांगायचं तर मलाही शंभर टक्के खात्री नव्हती. डोळा एक आणि हात दुसरा असूनही चांगले नेमबाज झालेत. त्या डोळ्यावर पट्टी लावून किंवा उभं राहायचा कोन बदलून निभावता येतं. मी हेही सांगितलं.

"मग तूच सांग," वडील तिच्याकडे वळले. मला वाटतं, त्या सकाळी तिला पहिल्यांदाच कुणी विचारलं.

"डाव्यानं," ती म्हणाली. "डाव्यानं हात दुखला नाही."

पेटी बंद झाली. त्या मुठीची डावी आवृत्ती बनवणाऱ्याकडून वेगळी मागवता येते, पण नवं सिलिंडर, नवी मूठ आणि जुनं पिस्तूल मिळून हिशेब नव्याच्या जवळ गेला. वडिलांनी दुपारी पेटी परत केली. इसारातले पाच हजार मिळाले, पाचांसाठी अजून फोन चालू आहेत. मी त्यांना सांगितलं, सहा महिने थांबा, चौदा वर्षांच्या मुलीचा हात अजून वाढतोय. तोवर क्लब एक डावी मूठ मागवेल. ती मोठी पडली तर मी कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसेन, लहान पडली तर पुट्टी भरेन.

निघताना तिनं आलेखाचा कागद मागितला. त्यावर अजून उजव्याच हाताची रेघ होती. मी कागद उलटा केला आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. ती उजव्या हातानं डाव्या हाताची रेघ काढायला लागली, अगदी सावकाश, जीभ दातांत धरून. वडील घड्याळ बघत होते, कागलची बस होती.