फ्रेट बसवताना मी काय पाहतो

गिटारची फ्रेट, म्हणजे फिंगरबोर्डवर (मानेवरच्या लाकडी पट्टीवर) आडवी बसवलेली धातूची जाड तार, मुळात लाकडातल्या खाचेनेच धरून ठेवायला हवी, गोंद नंतरचा. फ्रेटच्या तारेखालच्या पात्यावर बारीक दाते असतात, ते लाकडात रुततात. खाच साधारण ०.६ मिमी रुंद ठेवतो. सैल झाली की फ्रेटची टोकं उचलतात, वाजवायची तार झणझणते.

फ्रेटची तार फिंगरबोर्डच्या गोलाईपेक्षा थोडी जास्त वाकवून घ्यायची. आधी टोकं ठोकायची, मग मधला भाग; तो खाली जाताना टोकं बाहेर सरकू पाहतात आणि दाते आणखी घट्ट रुततात. ही युक्ती मला फार आवडते!

जुनी फ्रेट उपटण्याआधी सोल्डरिंग आयर्नने जरूर तापवा, नाहीतर शिसवीच्या कपच्या निघतात. उरलेल्या सैल टोकाला पातळ सुपरग्लूचा थेंब पुरतो. तो सुकेपर्यंत टोक दाबून धरा.