नीतिशास्त्राचा निबंध: आधी प्रश्न सोलून घ्या

'पर्ससीन मासेमारी नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे का?' असा विषय आला (पर्ससीन म्हणजे माशांचा थवा घेरून तळाशी बटव्यासारखं आवळायचं मोठं जाळं) की रत्नागिरी-मालवणकडची मुलं पहिली दोन पानं जाळ्याच्या वर्णनात घालवतात. तो भूगोल झाला. प्रश्नातला कामाचा शब्द 'समर्थनीय'. त्याखाली रेघ मारा आणि आपलं उत्तर एका वाक्यात लिहा. ते जमेपर्यंत निबंध सुरू करू नका.

१५०० शब्दांत प्रस्तावनेला १५० पुरेत. युक्तिवाद दोन, फार तर तीन. कृती तिने होणाऱ्या सुखदुःखावरून तोलणारा इंग्रज तत्त्वज्ञ बेंथम, त्याच्या मापाने जायचं तर सुखदुःख सगळ्यांचं मोजावं लागतं: बोटमालक, खलाशी, रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार), आणि हो, बांगड्याचंही, प्राण्यांच्या वेदना त्याने हिशेबात धरल्या आहेत. परिणामांऐवजी कर्तव्यावर भर देणारा जर्मन तत्त्वज्ञ कांट घेतलात की गडबड ठरलेली. 'सगळ्यांनी असं केलं तर मासे संपतील' हा परिणामवादी, म्हणजे परिणामांवरून बरंवाईट ठरवणारा, मुद्दा त्याच्या नावावर खपवला जातो. 'नीतीच्या तत्त्वमीमांसेची पायाभरणी' या १७८५च्या ग्रंथात तो नुकसान मोजत नाही. नियम सर्वांचा झाला तर तो स्वतःलाच खोडतो का, हे तपासतो.

आपल्या मतावरचा आक्षेप तगडा निवडा, त्याला ३०० शब्द द्या. बुजगावणं पाडून गुण मिळत नाहीत. संदर्भांचे पान क्रमांक मात्र वाचतानाच टिपा. आदल्या रात्री, त्यात पावसाने वीज गेलेली असताना, ते सापडत नाहीत.