तुम्ही विचारलंत म्हणून: सत्तावन्नाव्या वर्षी पोथी हातात का घेतली

कुणाकडे पूजा सांगायला गेले की शेवटी प्रसाद घेताना कुणीतरी विचारतंच, ताई, तुमच्याकडे हे आधीपासून होतं का? आणि जरा ओळखीचं असेल तर पुढचा प्रश्न येतो, की तुमचा देवावर खरंच विश्वास बसला, का रिटायरमेंटनंतर काहीतरी हवं म्हणून? उभ्या उभ्या सांगता येत नाही म्हणून आज नीट लिहिते.

आधीपासून काही नव्हतं. 1987 साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले, ट्रंक कॉल जोडून द्यायचे, पुढे एक्सचेंज बदलली, काम बदललं, आणि 2020 च्या जानेवारीअखेर व्हीआरएस घेतली. घरी गणपती बसायचा तेव्हा मोदक माझे असायचे, आरतीला टाळ्या वाजवायचे, बास. देव नाही असं मी कधी म्हटलं नाही, पण त्या दिशेला बघायला कधी गेलेही नाही.

एप्रिल 2021 मध्ये माझा मोठा भाऊ कोविडनं गेला. वैकुंठ स्मशानभूमीत आम्हाला लांब उभं केलं होतं, पीपीई किट घातलेल्या चार जणांनी त्याला आत नेलं, त्यांचे चेहरेसुद्धा दिसले नाहीत, पण शेवटचा हात दादाला त्यांनी लावला, आमच्यापैकी कुणी लावू शकलं नाही, आणि हे मला अजून झोपताना आठवतं. दहावं-तेरावं एका गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर केलं, वीस मिनिटांत आटपलं, आम्हाला एक अक्षर कळलं नाही. त्यांना तरी काय बोलणार, त्या महिन्यात त्यांच्याकडे किती घरं रांगेत असतील.

वर्षश्राद्धाला मात्र भाच्यानं एका स्त्री-पुरोहितांना बोलावलं. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आधी वहिनीला विचारलं, तुम्हाला शेजारी बसायचंय का? वर्षभरात वहिनीला असं कुणी काही विचारलंच नव्हतं. मग भाच्याच्या बोटात दर्भाची अंगठी घातली, तळहातावर काळे तीळ ठेवले आणि पाणी बोटांच्या टोकांवरून न सोडता अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायला सांगितलं, कारण हाताच्या त्या जागेला पितृतीर्थ म्हणतात, देवांना पाणी देतो ते बोटांच्या टोकांवरून आणि पितरांना इथून. प्रत्येक मंत्र झाला की त्या थांबून मराठीत सांगायच्या. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. आणि शेवटी तर्पणातला एक श्लोक म्हणून त्यांनी अर्थ सांगितला, की जे माझे नातेवाईक नव्हते, जे दुसऱ्या कुठल्या जन्मी माझे असतील, त्या सगळ्यांना मी दिलेल्या या पाण्यानं तृप्ती मिळो.

मला एकदम ते किट घातलेले चार जण आठवले. आणि त्या आठवड्यात तिथे आलेली सगळीच माणसं, ज्यांच्यामागे लांब उभं राहायलासुद्धा कुणी नव्हतं. कित्येक शतकांपूर्वी कुणीतरी त्यांची पण सोय करून ठेवली होती आणि मी पंचावन्न वर्षं पुण्यात राहून ते ऐकलंच नव्हतं! मी उठून गॅलरीत गेले आणि वर्षभर न आलेलं रडू तेव्हा आलं.

तर विश्वास बसला का, याचं माझं उत्तर हो आहे. त्या गॅलरीत बसला. श्राद्ध हा शब्द श्रद्धेवरूनच आलाय हे नंतर शिकताना कळलं, तेव्हा मला त्याचं काही नवल वाटलं नाही.

पौरोहित्य शिकायचं ठरवलं तेव्हा घरात थोडी कुजबुज झाली, पण नारायण पेठेतली माझी मावशी म्हणाली, त्यात काय नवीन, आपल्या पुण्यात थत्तेमामांनी सत्तरच्या दशकातच बायकांना शिकवायला सुरुवात केली होती की. खरंच आहे ते. सदाशिव पेठेत ज्ञानप्रबोधिनीतही जात न बघता बायका-पुरुष दोघांना शिकवतात आणि मंत्राबरोबर अर्थ सांगण्यावरच त्यांचा भर असतो. मला वाटतं अर्थ न सांगता केलेला विधी म्हणजे पत्र देऊन पाकीट फोडू न देणं आहे, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

शिकणं अवघड गेलं. शाळेतलं संस्कृत कधीच पुसलं गेलेलं, त्यात वेदमंत्रांना अक्षराखाली आडवी रेघ आणि वर उभी रेघ, खालच्या रेघेला आवाज उतरवायचा, वरच्या रेघेला चढवायचा, आणि श-ष माझा दर वेळी एकच व्हायचा. भाजी निवडताना, पीएमपीच्या बसमध्ये, सगळीकडे पुटपुटत असायचे. हळूहळू पहाटे अथर्वशीर्ष म्हटल्याशिवाय चहा नकोसा झाला.

काही घरं फोनवरच सांगतात, बाई नको. वाईट वाटतं, अजूनही वाटतं. लग्न, वास्तुशांत मी आनंदानं करते, पण मला बोलावणं आलंय ते श्राद्धाच्या पाटापाशी बसायचंच, याबद्दल मनात शंका नाही.

परवाच धायरीला गेले होते, दोघी मुलीच, भाऊ नाही, आईचं श्राद्ध त्याच करणार होत्या. यात आईबरोबर आजी आणि पणजी यांचीही नावं घ्यायची असतात, आणि पणजोबांचं नाव निघतं पण पणजीचं नाव जवळजवळ कुठल्याच घरात कुणाला माहीत नसतं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायची सोय आहे, नाव नसेल तर नुसतं नातं सांगून चालतं, मी तसं सांगितलंही. पण धाकटी म्हणाली, थांबा ताई, आणि तिनं जुन्नरच्या आत्याबाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला. नव्वदीच्या पुढच्या आत्याबाई, ऐकू कमी येतं, तीनदा ओरडून विचारावं लागलं. मग पलीकडे बराच वेळ काहीच नाही, मला वाटलं फोन कट झाला. आणि मग त्यांनी अगदी स्पष्ट नाव सांगितलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. थोरलीनं पटकन जवळचं लाइटबिल ओढून त्याच्या मागे लिहून घेतलं, मी पाण्याचं भांडं तिच्या हाताजवळ सरकवलं आणि आम्ही पहिल्यापासून सुरू केलं.