तेझेला गेलो, भांडी घासून आलो

रविवारी दुपारी माकों-लोशे स्टेशनवर उतरलो, तेव्हा पाठीवरच्या सॅकमध्ये कपड्यांपेक्षा वह्या जास्त होत्या. नऊ वर्षं मी आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, तरुण संघ चालवत होतो. शिबिरं, वचनपाठांतराच्या स्पर्धा, नाताळचं नाटक, आणि दर सभेनंतर हजेरीचा आकडा. तो आकडा दोन वर्षांत 70 वरून 22 वर आला होता. फ्रान्समधल्या तेझे नावाच्या एवढ्याशा खेड्यात ब्रदर्सचा, म्हणजे व्रतस्थ ख्रिस्ती साधूंचा, मठ आहे आणि तिथे उन्हाळ्यात दर आठवड्याला हजारो तरुण प्रार्थनेला येतात, असं ऐकून होतो. ते लोक नेमकं काय करतात ते टिपून आणायचं आणि घरी तसंच सुरू करायचं, एवढा साधा हिशेब.

बस द्राक्षमळ्यांतून आणि पांढऱ्या गाईंच्या कुरणांतून वळणं घेत टेकडीवर चढली. स्वागताच्या टेबलाशी एका मुलीने विचारलं, काय काम करायला आवडेल? इथे येणारा जवळपास प्रत्येक जण आठवडाभर काही ना काही काम करतो. मी म्हटलं, गिटार वाजवतो, संदेश देतो, शास्त्राभ्यास घेतो. तिने हसून मान डोलावली आणि माझ्या नावापुढे लिहिलं : भांडी.

खरं सांगतो, राग आला.

त्या रात्री साडेआठच्या प्रार्थनेला गेलो. चर्चमध्ये बाकं नाहीत, सगळे जमिनीवर. पुढे नारिंगी कापडाचे उंच पट्टे आणि शेकडो लहान दिवे. मधोमध हिरव्या झुडपांच्या कुंपणात पांढऱ्या झग्यातले ब्रदर्स. व्यासपीठ नाही, सूत्रसंचालक नाही, 'आता आपण सर्व मिळून' म्हणणारा कोणी नाही. भिंतीवर गाण्याचा नंबर दिसतो आणि गाणं सुरू होतं. दोनच ओळी. त्याच पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पाचव्या वेळी कंटाळलो, दहाव्या वेळी गुडघे दुखायला लागले. मग वचन वाचलं गेलं आणि सगळं शांत झालं. आठ-दहा मिनिटं! आमच्या सभेत माईक अर्धा मिनिट बंद पडला तर मला घाम फुटतो. त्या शांततेत मी काय केलं? रांगा मोजल्या. सवय.

ही जागा सुरू झाली ती मुळी गर्दीसाठी नव्हेच. 1940 साली रॉजर शुट्झ नावाचा 25 वर्षांचा स्विस तरुण जिनिव्हाहून सायकलवर इथे आला. युद्धाने फ्रान्सचे दोन तुकडे केले होते आणि ती सीमारेषा इथून जवळच होती. त्याने घर घेतलं आणि पळून येणाऱ्यांना, त्यांत ज्यूही होते, आसरा दिला. युद्ध संपल्यावर जवळच्या छावणीतल्या जर्मन कैद्यांनाही त्याने रविवारी घरी बोलावलं. (हे मी दोनदा वाचलं. ज्यांच्यापासून लोकांना लपवलं, त्यांनाच जेवायला!) 1949 च्या ईस्टरला पहिल्या सात ब्रदर्सनी आजन्म व्रत घेतलं. आज इथे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक ब्रदर्स एकत्र राहतात. ते देणग्या घेत नाहीत, वारसाहक्काने आलेला पैसाही ठेवून घेत नाहीत. मातीची भांडी आणि पुस्तकं विकून स्वतःचं भागवतात. तरुणांची रीघ लागली ती पुढे 1950 च्या दशकाच्या शेवटी, कोणी बोलावलं नसताना. हे चर्च 1962 मध्ये जर्मन तरुणांनी येऊन बांधलं, नाझी काळाचं प्रायश्चित्त म्हणून. नऊच वर्षांत ते पुरेना, तेव्हा ब्रदर्सनी पुढची भिंत पाडली आणि तिथे तंबू जोडला. भिंत पाडायची वेळ! मी वहीत लिहिलं : 'कशामुळे?' आणि खाली दोन रेघा ओढल्या.

सोमवारी दुपारी भांडी. इथे जेवणाला एक ट्रे, एक वाडगा आणि एक मोठा चमचा. भात, मसूर, बटाटे, सगळं चमच्यानेच. चहासुद्धा वाडग्यात, दोन्ही हातांनी धरून प्यायचा. ही साधेपणाची शिकवण असेल असं मला वाटलं होतं. वाडग्यांचे ढीग समोर आले तेव्हा कळलं, काटे-सुऱ्याही असत्या तर आम्ही मेलोच असतो. मी जोशात साबणाची बाटली हौदात जवळजवळ उपडी केली. फेस कडेवरून ओघळून बुटांपर्यंत आला. शेजारचा पोलंडचा मुलगा काही बोलला नाही. झाडू घेतला आणि फेस नाल्याकडे ढकलत राहिला. मग त्याने बाटलीचं टोपण काढून दाखवलं : एवढंच. त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं, मला पोलिश शून्य. पण वाडगे हातातून हातात सरकायला लागले तसा कोणीतरी रात्रीचाच सूर धरला, त्या दोन ओळी. या वेळी कंटाळा आला नाही. हात चालू असले की पुनरावृत्ती त्रास देत नाही. पीठ मळताना कोण मोजतं?

बुधवारी कधीतरी लक्षात आलं की दिवसभरात आपण किती जण आहोत हे मी पाहिलंच नाही. त्याच सकाळी शास्त्राभ्यासात बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय होता. प्रेषित पौल तुरुंगातून लिहितो की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी 'शिकलो' आहे. या वचनावर मी स्वतः किमान चार संदेश दिलेत, आणि चारही वेळा जोर 'समाधानी'वर दिला. 'शिकलो'वर कधी थांबलोच नाही. म्हणजे पौलालाही ते आपोआप येत नव्हतं.

गुरुवारी धीर करून एका वयस्क ब्रदरला गाठलं. वही उघडली, विचारलं, आमच्याकडे तुमची शाखा काढायची तर काय करावं लागेल? ते म्हणाले, शाखा नाहीतच. तेझेच्या नावाने चळवळ उभी करायची नाही, हे आम्ही ठरवूनच टाळलंय. मुलांनी आपापल्या मंडळीत परत जावं. मग त्यांनी मला विचारलं, तुमच्या 22 जणांपैकी सगळ्यात गप्प कोण बसतं? मला एकदम नाव सांगता आलं नाही. नऊ वर्षं हजेरी घेतोय मी.

शुक्रवारच्या रात्री मोठा क्रूस जमिनीवर आडवा ठेवतात. लोक गुडघ्यांवर सरकत जातात आणि लाकडावर कपाळ टेकतात. रांग संपता संपत नाही, तोवर गाणं चालूच. याच चर्चमध्ये 16 ऑगस्ट 2005 रोजी, संध्याकाळची प्रार्थना चालू असताना, नव्वदीच्या ब्रदर रॉजरना एका मनोरुग्ण स्त्रीने भोसकलं. त्यांची कबर खालच्या जुन्या चर्चच्या अंगणात आहे, साधा लाकडी क्रूस लावलेली. दुपारी तिथे जाऊन आलो होतो. क्रूसावर कपाळ टेकलं तेव्हा मागायचं बरंच ठरवलं होतं. तिथे फक्त त्या गप्प बसणाऱ्या मुलाचं नाव आठवलं. तेवढंच म्हटलं आणि उठलो.

सगळंच भारावून टाकणारं होतं असं नाही. सकाळच्या न्याहरीचा पाव आणि चॉकलेटच्या दोन कांड्या चौथ्या दिवशी घशाखाली उतरेनात, आणि बराकीत माझ्या वरच्या बंकवरचा गडी असा घोरायचा की मी दोन रात्री जवळजवळ जागून काढल्या. झऱ्याकाठच्या बागेत बोलायचं नाही असा नियम आहे. मी तिथे जाऊन झोप पुरी केली.

रविवारी सकाळी आमची तुकडी सुटली आणि नवी माणसं आली. एक उंच मुलगा, ॲप्रनच्या नाड्या बांधत, बाटली तिरपी करूनच उभा होता. मी त्याचा हात धरला आणि टोपण काढून दाखवलं.