अंगठा लावा काका, चालेल

"अंगठा लावा काका, चालेल."

हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो होतो. काउंटरवरचा मुलगा हे अगदी चांगुलपणाने म्हणाला, शाईचं पॅडही पुढे सरकवलं. बाबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि टेबलाखाली नेला.

एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस. शेवटी अंगठा उमटवला. घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द नाही.

आज पहाटे साडेपाचला मी पाणी प्यायला उठले तर जेवणाच्या टेबलावरचा दिवा चालू. बाबांसमोर नातवाची दुरेघी वही, पेनाला फडकं गुंडाळलेलं. पानभर 'श्री'. वरच्या ओळींतले सगळे लोळलेले. तळाच्या ओळीत मात्र एकाची वेलांटी चक्क जागेवर!

मार्चमध्ये अर्धांगवायू झाल्यापासून स्पंजचा चेंडू टीव्हीवर पडून आहे. "बाबा, दाबा ना," म्हणून आम्ही किती डोकं खाल्लं त्यांचं! फिजिओताई सांगतात, मेंदूचा गेलेला भाग परत येत नाही, पण उरलेला भाग ते काम शिकू शकतो. त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. पटतं. पण चेंडू शेकडो वेळा दाबून बाबांना काय मिळणार होतं, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नाही.

मी मागे उभी आहे हे त्यांना कळलं असावं. वर न बघताच म्हणाले, "रिफिल संपत आलीय. दोन आण."

तुमच्या घरी कुणाला कशामुळे हुरूप आला?