पहिल्या टप्प्याची झडती

२८ मे, राजापूर

दिवसभर पहिल्या टप्प्याचे कागद घेऊन बसले. कातळशिल्पांच्या, म्हणजे कातळात कोरलेल्या चित्रांच्या नोंदणीचं काम. करारात पाच गोष्टी द्यायच्या ठरल्या होत्या: नोंदपत्रकं, अक्षांश-रेखांश, फोटो, मोजमापांसह रेखाचित्रं आणि सातबारे. पाचही फायली आल्यात. नुसत्या खुणा करायच्या तर जेवणाआधीच उरकलं असतं.

माझी कसोटी वेगळी आहे. त्या सड्यावर, म्हणजे चित्रं असलेल्या उघड्या कातळाच्या पठारावर, कधीच न गेलेला माणूस हे कागद घेऊन चित्रापर्यंत पोचेल का?

नोंदपत्रकं ठीक. अक्षांशांच्या तक्त्यात मात्र कुणीतरी १६ अंश ३९ मिनिटांचं सरळ १६.३९ करून टाकलंय. हवं होतं १६.६५. म्हणजे राजापुरातलं चित्र साधारण २९ किलोमीटर दक्षिणेला, थेट सिंधुदुर्गात! एक्सेलला काय, आकडा दिसला की झालं. सगळे बिंदू एकदम नकाशावर टाकले म्हणून सापडलं.

खरा घोळ फोटोंचा. ढीगभर आहेत, पण बरेचसे भर दुपारचे. जांभ्यातली रेघ उथळ. सूर्य डोक्यावर आला की तिच्यात सावली पडत नाही, नुसता कातळ दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात तीच रेघ ठसठशीत उठते. त्यात कित्येक फोटोंत मोजपट्टीच नाही. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटरचा, आणि त्याच्या आकृतीच्या आत कोरलेले छोटे प्राणी वेगळेच. पट्टीशिवाय कोण केवढा, ते कळायचं कसं?

रेखाचित्रांत देवाचे गोठणे गावचं चित्र अडलं. उत्तरेचा बाण होकायंत्रावरून काढलाय, आणि नेमकी तिथेच सुई भरकटते. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेल्या जागांपैकी ही एक. तिथला बाण चुकवून चालणार नाही. लांब अंतरावरचे दोन जीपीएस बिंदू घेऊन तो नव्याने काढायला सांगितलाय.

सातबाऱ्यांचं काम मात्र देखणं. एकेका गटात हिस्सेदारांची ही रांग, निम्मे मुंबईला. तरी सातबारे जमवणाऱ्या पोराने प्रत्येक नाव चित्राच्या जागेशी जुळवलंय. पुढच्या टप्प्यात संमतीपत्रं घेताना हेच कामी येणार.

संध्याकाळी टीमच्या प्रमुखाचा फोन. "ताई, फोटो दुसऱ्या टप्प्यात घेऊ ना."

"दुसरा टप्पा पावसानंतर. तेव्हा सड्यावर गुडघाभर गवत असेल, त्यात रेघा कुठे शोधणार?"

"मग आता?"

"आता रोज सकाळी सहाला सड्यावर. मिरग लागेपर्यंत जेवढे होतील तेवढे."

कुरकुरला, पण हो म्हणाला.

दोन फायली मंजूर, तीन परत. हप्ता अडवायचा का, ते वरचे उद्या ठरवतील. मी मत लिहून दिलंय: परत पाठवलेल्या तीन फायलींपुरता अडवा, सातबारेवाल्या पोराचे पैसे लगेच सोडा.