टोन द्या

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये फोन आणि फॅक्सची लाइन एकच होती. त्यामुळे दिवसातून चारदा तरी पलीकडून ऐकू यायचं, "हां, टोन द्या." मग मी स्टार्टचं बटण दाबायचे, रिसीव्हर ठेवायचे आणि कुणीतरी शेपटीवर पाय दिल्यासारखं ते यंत्र किंचाळायला लागायचं. त्या किंचाळण्यातून हळूहळू एक परचेस ऑर्डर बाहेर सरकायची. चकचकीत, कोमट, हातातून सोडला की लगेच गुंडाळी होणारा कागद. तो फाडला की आधी झेरॉक्स काढायची. कारण थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडायला लागत आणि पेमेंट त्याहून उशिरा यायचं.

फॅक्स हा टेलिफोनचा धाकटा भाऊ असणार, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. प्रत्यक्षात तो थोरला निघाला. अलेक्झांडर बेन नावाच्या एका स्कॉटिश घड्याळजीनं तारेवरून चित्राची नक्कल पाठवण्याच्या युक्तीचं पेटंट १८४३ सालीच घेतलं होतं. बेलचं टेलिफोनचं पेटंट १८७६चं. म्हणजे ३३ वर्षं आधी. 'आधी लेखी द्या, मग बोलू' हा खाक्या फक्त आपल्या पेठांमधला नाही, याचं मला उगीच बरं वाटलं. पुढे १९८०मध्ये 'ग्रुप थ्री' नावाचं मानक ठरलं आणि साधारण मिनिटाला एक पान जायला लागलं. आमचं यंत्र त्याच जातीचं. ऑटोवर ठेवलं की माणूस नसतानाही फॅक्स घ्यायचं. फक्त गुरुवारी नाही. गुरुवारी आमच्या भागात वीज बंद. टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधूनच मिळायची, म्हणून घंटी ठणठणीत वाजायची, पण फॅक्स मुका.

फॅक्स गेला की छोटीशी पावती निघायची: तारीख, वेळ, पानं एक, ओके. त्या ओकेवर माझा फार भरवसा होता. एकदा मी घाईत एक कोटेशन उलटं घातलं. यंत्रानं कागदाची कोरी बाजू इमानदारीनं वाचली, तितक्याच इमानदारीनं पाठवली आणि ओके छापलं. मी पावती स्टेपल करून फायलीला लावलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी पलीकडून फोन, "वहिनी, भाव लिहायचा राहिला का? बाकीचंही काही दिसत नाहीये."

तेव्हापासून प्रत्येक फॅक्सनंतर एक फोन. मिळाला का? वाचता येतोय ना? खालची सही आलीय? फोनचा खर्च वाचावा म्हणून फॅक्स, आणि फॅक्स मिळाला का हे विचारायला फोन. बोहरी आळीतले आमचे एक शेठ याबाबतीत माझ्याही वरचढ. नटबोल्टचं बिल फॅक्स केलं की यंत्राचं किंचाळणं थांबायच्या आत त्यांचा फोन लागायला लागायचा.

पुढे बटणं दाबायचे फोन आले आणि पलीकडून माणसाऐवजी यंत्रच बोलायला लागलं. एक दाबा, दोन दाबा. आमच्या घरचा काळा, तबकडीचा फोन त्या जगात अडाणी ठरला, कारण तो नुसतं खट्‌खट् मोजून सांगायचा. नव्या यंत्रांना हवे होते सूर, तेही एका वेळी दोन. पाचाचं बटण दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकदम वाजतात. एकच सूर असता तर तो बोलण्यातून किंवा शिट्टीतूनही चुकून निघाला असता. नेमके दोन एकदम निघणं कठीण. हे समजल्यावर मला त्या यंत्राबद्दल जरा आदर वाटला. गॅसचा नंबर रात्री अकरा वाजता लावता येतो, हेही काही कमी नाही. पूर्वी एजन्सीचा फोन सकाळभर एंगेज, आणि लागलाच तर उचलणाऱ्याचा सूर असा की जणू सिलिंडर आपण उधार मागतोय.

तरीही 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे सातव्यांदा ऐकताना मला ती ओकेची पावती आठवते. मिळाला का, हे विचारायचं कुणाला?

आता वर्कशॉप पुतण्या बघतो. त्यानं गेल्या वर्षी तसली यंत्रणा बसवली आणि म्हणाला, "काकू, आवाज तुझाच हवा." शेजारचा कुकर, खालचा भाजीवाला, या सगळ्यांतून सुटका म्हणून मी गोधडी डोक्यावर घेऊन बोलले. विक्रीसाठी एक, हिशेबासाठी दोन, तक्रारीसाठी तीन. मग कळलं की तिन्ही फोन ह्याच्याच खिशात वाजतात.

"अरे, मग दाबायला कशाला लावतोस?"

"एकटाच आहे हे कळलं की लोक भाव पाडून मागतात."

बरोबरच आहे म्हणा. मागे सनईसुद्धा लावलीय त्यानं, दहा सेकंदांची. तेवढ्यात हा हात पुसून घेतो.

परवा बोहरी आळीतल्या शेठचा माझ्या मोबाइलवर फोन आला. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, दुकानात नुसते बसतात.

"वहिनी, काल वर्कशॉपला फोन केला होता. मी आपला बोलतोय, तब्येत विचारतोय, आणि तुमचं चालूच, एक दाबा, दोन दाबा. बोला शेठ, एवढं तरी म्हणायचं!"

"मग काय दाबलंत तुम्ही?"

"काय दाबणार? ठेवला." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "पोरानं बिल मोबाइलवर पाठवलंय म्हणे. मिळालं का?"